पाणी, हिरवं आणि आग

माझ्या भाचीला जालन्यात खोली कशी मिळाली ते मी शेवटी सांगणार आहे, कारण त्यात मी जरा वाईट दिसतो. त्याआधी अक्काला आणि मला खोली कशी मिळाली ते सांगतो. त्यात मी फारच वाईट दिसतो, पण तेव्हा मला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं, तेवढी सूट वाचकांनी द्यावी. लग्नांत आणि सत्कारांत माइक धरणारा मी माणूस. ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली आहे आणि दर वेळी एका ठिकाणी थांबून टाळ्या घेतल्या आहेत. त्या टाळ्यांच्या पुढचं मात्र कधी सांगितलं नाही.

आमचं गाव जाफराबादकडचं. आजोबा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ असायचे. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मेंढरं विकली, कोरडवाहू रान धरलं आणि कापूस लावला. तेव्हा भाड्याची खोली शोधणारी आमच्या घराण्यातली पहिली माणसं अक्का आणि मीच. आजोबांना कुणी 'किती दिवस राहणार?' असं विचारलं असतं, तर त्यांनी चाऱ्याकडं बघून सांगितलं असतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण मंगल. तिचा नर्सिंगचा कोर्स झाला होता आणि जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ती लागली होती. मी सगळ्या गावाला धक्का देऊन दहावी पास झालो होतो आणि अकरावीला जालन्यात नाव घातलं होतं. खोली मिळेपर्यंत आम्ही एका लांबच्या मामाकडं उतरलो. पहिल्या दिवशी मामीनं वरणावर तुपाची धार सोडली. मग तूप गेलं. मग वरणातली डाळ जाऊ लागली. ताटात स्वतःचं तोंड दिसायला लागलं तेव्हा अक्का म्हणाली, "भान्या, उठ. खोली बघायची."

पहिली जागा बघितली ती नव्या जालन्यातल्या एका बिल्डिंगमधली. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"कोण कोण राहणार?"

"मी आन् माझा भाऊ," अक्का म्हणाली.

"आम्ही फॅमिलीलाच देतो."

"भाऊ-बहीण फॅमिली न्हाई का मावशी?"

"भाऊच हाये कशावरून?"

अक्कानं माझं मानगूट धरलं, माझं तोंड आपल्या तोंडाशेजारी आणलं आणि म्हणाली, "नाक बघा." आमच्या घराण्याचं नाक असं आहे की त्याला रेशनकार्ड लागत नाही. मावशी पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या. खोली मात्र दिली नाही. जिना उतरताना अक्काचे कान लाल झाले होते, आणि मी मूर्खासारखा नाक दाबून दाबून तिला हसवायला बघत होतो.

दुसरी जागा मी एकट्यानं सोडवायची ठरवली, कारण अक्काची ड्युटी होती आणि माझ्या अंगात नाटक होतं. 'शाकाहारींनाच' अशी पाटी होती. शेजारच्या पोराकडून मी तुळशीची माळ मागून आणली, कपाळाला बुक्का लावला आणि आवाज इतका मऊ केला की माझा मलाच येईना. मालक रिटायर झालेले मास्तर होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि प्रेमानं विचारलं, "एकादशी कधी हो येती ह्या वेळी?" मी म्हणालो, "रविवारी." मास्तर म्हणाले, "आज हाये. आन् सकाळी कोपऱ्यावर कांदाभजी खाऊन राह्यलेले तुम्हीच होते." घरी आल्यावर अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "खोली न्हाई भेटली तर एसटी स्टँडवर राहू. पण असं खोटं बोलून मला कुठं राहायचं न्हाई." अक्का अशीच होती. तिला खोटं बोलताच येत नसे. माझी कुचंबणा व्हायची ती त्यामुळेच. तिसरी खोली जिनिंगच्या भिंतीला लागून होती. स्वस्त होती, पण ती बघून बाहेर आलो तेव्हा माझ्या भुवया आजोबांसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. अक्का म्हणाली, "हितं राहिलास तर बारावीपर्यंत तुझी गादी व्हईल."

शेवटी मामाच्या गल्लीतला किराणावाला म्हणाला, "बाईजीकडं जा ना. खोली बराबर हाये, भाडं कमी. पण टिकत न्हाई कोणी."

"का?"

"जाऊन बघा."

खाली सरकी-पेंडीचं गोदाम आणि वर तीन खोल्यांचा फ्लॅट. रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागं एक खोल्या: पुढची बैठक, मधलं स्वयंपाकघर, मागं आमची होऊ घातलेली खोली. मागच्या खोलीला बाहेरून दार नव्हतं. येता-जाता बाईजींच्या स्वयंपाकघरातून जायचं. मधल्या खोलीला खिडकीही नव्हती, आणि बैठकीतून तिच्यात उतरताना एक उंच उंबरा होता, ज्याला ठेचकाळला नाही असा माणूस मी बघितला नाही. भाडं कमी असण्याचं कारण हेच. भाडेकरूच्या पिशवीत काय आहे हे बाईजींच्या नाकाखालून जायचं.

बाईजी म्हणजे एक काटकुळी, तरतरीत मारवाडी जैन बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पारसशेठ नव्या कॉलनीत बंगला बांधून राहायचा, रोज एक चक्कर मारायचा. बाईजींचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्या जिना उतरत नसत. पण बसल्या जागेवरून त्यांची नजर सगळीकडं फिरायची. त्यांनी आधी आमची नाकं बघितली, आपणच मान हलवली आणि म्हणाल्या, "भाऊ-बहीण आहात, दिसतंय. खाता काय?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं, हावभावासकट. पण त्याआधी अक्का बोलून गेली. "मटण खातो बाईजी आम्ही. गावाकडं. हितं घरात न्हाई आणणार."

मी अक्काच्या पायावर पाय दिला. बाईजींनी तो पाय बघितला आणि त्यांना हसू फुटलं. "आतापर्यंत ह्या खोलीत जेवढे आले, बेटी, सगळे शाकाहारी आले," त्या म्हणाल्या. "आणि सगळे वासावरून गेले. खरं बोलणारी तू पहिली. राहा." मग माझ्याकडं बोट करून, "ह्याला पण ठेवून घे."

पारसशेठला ते आवडलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आईची काळजी होती आणि आपल्यातलाच कुणीतरी तिथं असावा असं वाटत होतं. "बाई म्हणते म्हणून ठेवतो," तो आमच्यासमोरच म्हणाला; आईला तो 'बाई'च म्हणायचा. "पण तिच्या धर्मात एक गडबड झाली तर त्याच दिवशी खोली खाली. मंजूर?" मंजूर. आम्हाला काहीही मंजूर होतं. मामीच्या वरणापेक्षा धर्म सोपा वाटत होता.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसलेल्या बाईजी, म्हणजे आवाजच नाही. तोंडावर पांढरी पट्टी, पुढ्यात काचेची वाळूची घडी, आणि ती वाळू संपेपर्यंत आम्ही मागच्या खोलीत मांजरासारखे वावरायचो. मग पाणी उकळायला ठेवल्याचा आवाज, कारण त्या घरात कच्चं पाणी कुणी पीत नसे. मग पापडाचा खारा वास, मुगाचं वरण, गट्ट्याची भाजी, ताकातली कढी. लसूण नाही, कांदा नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळला की बाईजींची चूल बंद. दुपारी मात्र त्यांचा छोटा रेडिओ लागायचा. क्रिकेटची कॉमेंट्री. गुडघ्यांवर गरम पिशवी ठेवून ती बाई आख्खा दिवस मॅच ऐकायची. बॅटला चेंडू लागून झेल गेला आणि बॅट्समन तरीही उभा राहिला, असं कॉमेंट्रीवाला म्हणाला की त्यांचा पारा चढायचा. "लागली ना तुझ्या बॅटला? तुला माहीत आहे ना? मंग जा की घरी!" आणि मला हाक मारायच्या, "भानू, बघ ह्याला. उभा आहे अजून!" जसा काही तो स्वयंपाकघरातच उभा होता.

मी सज्जन झालो होतो असं कुणी समजू नये. कॉलेजच्या कँटीनमध्ये कांदा घातलेली मिसळ खायचो आणि जिना चढताना लवंग चघळायचो. "दात दुखून राह्यला का बेटा?" बाईजी विचारायच्या. "रोज दुपारीच दुखतो तुझा." मी हो म्हणायचो. त्या पापड पुढं करायच्या. आजही लवंगेचा वास आला की मला कांदा आठवतो, आणि आमच्या हिला ते काही केल्या पटत नाही.

चातुर्मास लागला तसं बाईजींचं वागणं बदललं. नदीपलीकडच्या जैन स्थानकात साध्वीजी उतरल्या होत्या. ह्यांच्यात त्यांना महासतीजी म्हणतात. बाईजींना तिथवर जाणं शक्य नव्हतं. पण महासतीजी गोचरीला, म्हणजे घरोघर फिरून थोडं थोडं अन्न घ्यायला निघतात. कुणाकडं जाणार हे आधी सांगत नाहीत, बोलावणं-आवतण चालत नाही, त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम शिजवलेलं तर त्या घेतच नाहीत. जैन मंडळी बहुतेक नव्या कॉलनीत गेली होती, त्यामुळं आमच्या गल्लीकडं त्यांचे पाय वळत नव्हते. तरी बाईजी रोज त्या वेळेला पुढचं दार उघडं ठेवून, स्वतःसाठी केलेलं जेवण झाकून वाट बघत बसायच्या. कुणी आलं नाही की मगच जेवायच्या. आणि मला पढवायच्या. महासतीजी आल्याच तर घरात त्या वेळी कुणी जीवाची हिंसा करायची नाही. "तीन गोष्टींना हात लावायचा न्हाई. पाणी, हिरवं आणि आग. नळ सोडला, भाजीला हात लावला, आग पेटवली, की घर असूझतं झालं. मंग त्या एक दाणा घेत नाहीत. आल्या पावली परत."

"पाणी, हिरवं आणि आग," मी म्हणायचो. कवितेसारखं पाठ केलं होतं. त्या वेळी मी माठाजवळून लांब जायचो, कोथिंबिरीची जुडी टोपलीखाली ढकलायचो, आणि गॅसकडं पाठ करून हात मागं बांधून उभा राहायचो. आजही मला वाटतं, माझ्याइतकं कडक पथ्य कुणी पाळलं नसेल.

पर्युषणात बाईजींनी अठाई केली. आठ दिवस अन्नाचा कण नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. अक्का सकाळ-संध्याकाळ त्यांचं ब्लडप्रेशर बघायची आणि बाहेर येऊन मला म्हणायची, "रेडिओ पण बंद आहे रे." आठव्या दिवशी संवत्सरी. त्या संध्याकाळी त्या भिंत धरत धरत आमच्या खोलीच्या दाराशी आल्या आणि दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. "खमत खामणा, बेटी. खमत खामणा, भानू. वर्षात काही बोलले असेन, मन दुखवलं असेल, माफ करा." ज्या बाईच्या घरात मी रोज लवंग चघळून खोटा दात दुखवत होतो, ती माझी माफी मागत होती. मी त्यांच्या पाया पडलो, आणि पडता पडता पुटपुटलो, "मी पण." त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं, म्हणजे उपास सोडायचा. अक्का ड्युटीला गेली होती. पारसशेठ, त्याची बायको, दोन-तीन नातेवाईक पुढच्या खोलीत जमले होते. मधल्या खोलीत मुगाचं पाणी, थुली असं बाईजींपुरतं मऊ अन्न झाकून ठेवलेलं. आणि बाईजी म्हणाल्या, "थोडं थांबू. महासतीजींच्या पात्रात पडलं आणि मंग मी घेतलं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पारसशेठनं घड्याळ बघितलं. आभाळ भरून आलेलं, गल्लीत दिवसा अंधार. मी चपला घातल्या आणि खाली पळालो.

आता इथून माझी गोष्ट सुरू होते, जी मी माइकवर सांगतो. कोपऱ्यावर दोन महासतीजी दिसल्या. पांढरी वस्त्रं, अनवाणी पाय, झोळीत लाकडी पातरं. एक म्हातारी, एक तरुण. त्या वळून दुसऱ्या गल्लीला लागणार इतक्यात मी पुढं धावलो, रस्त्यातच लोटांगण घालायच्या बेतात थांबलो आणि नाटकातल्या राजासारखा हात छातीवर ठेवून म्हणालो, "महासतीजी, गोचरीची कृपा करा. आमच्या बाईजींचे गुडघे..." बोलावणं चालत नाही, पण अशी विनंती चालते हे मी ऐकलेलं होतं. म्हाताऱ्या महासतीजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू कुठला रे?" "जाफराबादकडचा." त्या तोंडावरच्या पट्टीआड हसल्या असाव्यात, कारण डोळे बारीक झाले. आणि त्या आमच्या गल्लीत वळल्या.

मी जिना चढलो तो जिना नव्हताच, व्यासपीठ होतं. "आल्या!" पुढच्या खोलीतले सगळे उठले. "पधारा, पधारा!" बाईजी भिंत सोडून उभ्या राहिल्या. त्यांचा तो चेहरा मी लिहू शकत नाही. माझ्याकडं तेवढं सामान नाही. मी बाईजींना हाताला धरून मधल्या खोलीत पुढं घुसलो आणि एका नजरेत सगळं तपासलं. नळ बंद. भाजी टोपलीखाली. गॅस थंड. मागून म्हाताऱ्या महासतीजी उंबऱ्याशी आल्या. मधल्या खोलीत काळोख. मला तो उंबरा आठवला, त्यांचे म्हातारे अनवाणी पाय दिसले, वाटलं, आता ह्या पडणार. आणि मी भक्तिभावानं हात लांब करून दिवा लावला.

खट.

ह्या 'खट'वर मी थांबतो आणि लोक हसतात. वीज म्हणजे आग, बल्ब पेटवला म्हणजे आग पेटवली, हे मला ठाऊक नव्हतं. गॅसकडं पाठ करून उभा राहणाऱ्या माणसाला वर भिंतीवर पण आग लटकलेली असते हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना वाटलं असेल की हे काय सांगायचं. लोक पोट धरून हसतात. हसावंच.

महासतीजी उंबऱ्याच्या अलीकडंच थांबल्या. बल्बकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझा हात अजून बटणावर होता. "असूझतं झालं, बाई," त्या हळूच म्हणाल्या, "दया पाळो," असा नेहमीचा आशीर्वाद दिला आणि वळल्या.

पुढच्या खोलीतल्यांनी मागं सरून त्यांना वाट करून दिली. मग पारसशेठचा आवाज आला, मोठा नव्हता, पण ओळखीचा होता. खोली खाली करायला सांगतानाचा. "बाई, लाईट कोणी लावली?"

त्याला तिथून मी दिसत नव्हतो. बाईजींना दिसत होतो. पायरीवर पोचलेल्या महासतीजींनाही मघाशी दिसलो होतो. मी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगतो. नेहमी नको तिथं बोलणाऱ्या माझ्या तोंडातून त्या दिवशी हवाच आली.

"मी लावली," बाईजी म्हणाल्या. "डोळ्यापुढं अंधारी आली. न कळत हात गेला."

मग त्या भिंतीला धरून जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "महासतीजी, आजच्या उपवासाचे पच्चक्खाण द्या." म्हणजे आणखी एका उपासाचा नेम, नववा दिवस. पारसशेठ ओरडला, "बाई, पारणं आहे आज! डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्या महासतीजी पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी बाईजींकडं क्षणभर जास्तच बघितलं. मग डोळे मिटून सूत्र म्हटलं आणि उपवास देऊन जिना उतरून गेल्या.

पुढं जे झालं ते मी माइकवर कधीच सांगत नाही. बाईजींनी नऊ केले ही बातमी नव्या कॉलनीपर्यंत गेली. आठाचे नऊ! ह्या वयात! दुपारपर्यंत जिना बायकांनी भरून गेला. नारळ आले, शाल आली, बायका गोल बसून तपस्येची गाणी गाऊ लागल्या. आणि बाईजी मधोमध, खाली मान घालून, चोरासारख्या. कुणी कौतुक केलं की त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. सगळ्यांना वाटलं, किती ही नम्रता. तो दिवस तपाचा नव्हता, दंडाचा होता. ते त्या गर्दीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक जण प्रभावनेच्या, म्हणजे प्रसादासारख्या वाटायच्या लाडूंची पाकिटं वाटत होता, कारण पारसशेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "भानू, तू घरचाच आहेस, तू वाट." मी वाटली. शेवटी एक उरलं, ते मी खाल्लं. लाडू फार चांगला होता.

अक्का आल्यावर तिला मी सगळं सांगितलं. ती चप्पल न काढता उभी होती. "चल," ती म्हणाली, "आत्ताच सांगू पारसशेठला."

"मंग खोली जाईन."

एसटी स्टँडवर राहू म्हणणारी अक्का कॉटवर बसली आणि खिडकीतून गोदामाच्या पत्र्याकडं बघत राहिली. तिची सकाळची ड्युटी, माझं कॉलेज, मामीचं वरण, ते जिन्यावरचे लाल कान, सगळं त्या खोलीत येऊन बसल्यासारखं झालं. मग उठून तिनं ब्लडप्रेशरचं मशीन घेतलं आणि बाईजींकडं गेली. बाईजींच्या दंडाला पट्टा बांधताना तिनं एकदाही वर बघितलं नाही. अक्काला मी गप्प बसायला शिकवलं, हे त्या दिवसाचं माझं दुसरं काम.

संध्याकाळी मी धीर करून बाईजींजवळ गेलो. "मी सांगतो पारसशेठला. खरं ते."

"काय खरं?" त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. आवाज पार बारीक झाला होता.

"बॅटला लागली होती बाईजी. माझ्या."

त्या हसल्या. हसायलाही त्यांना कष्ट पडत होते. "तुला माहीत न्हवतं, बेटा. तू चुकला. मला माहीत होतं, मी बोलले. तुझी चूक वेगळी, माझं पाप वेगळं. आता तू सांगशील तर पारस तुम्हाला काढेन, आणि माझं खोटं बोलणं फुकट जाईन. एवढं महागाचं खोटं फुकट घालवू नको." मग डोळे मिटले. "जा. अभ्यास कर."

दुसऱ्या सकाळी आभाळ निवळलं होतं. कुणी विनंती केली नव्हती, मी खालीसुद्धा गेलो नव्हतो. मी मधल्या खोलीत कोपऱ्यात दोन्ही हात काखेत घालून उभा होतो, काहीच पेटू नये म्हणून. जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. त्याच म्हाताऱ्या महासतीजी. त्यांनी अंधारात पाय चाचपत तो उंबरा ओलांडला, अगदी सहज, जसा काही रोजचा होता. पडल्या नाहीत. पडणारच नव्हत्या. आयुष्यभर उजेडाशिवाय दुसऱ्यांच्या घरात चालत आलेली बाई ती. त्यांनी पातरं पुढं केलं. बाईजींनी थुली घातली, मुगाचं पाणी घातलं, "बस, बस," असं महासतीजी म्हणाल्या तरी आणखी एक पळी घातली. मग बाईजी म्हणाल्या, "महासतीजी, मला आलोचना करायची आहे." पाप बोलून दाखवायचं आणि प्रायश्चित्त मागायचं, ते. आणि माझ्याकडं न बघता, "भानू, जरा खाली जा."

मी खाली गेलो आणि पेंडीच्या पोत्यावर बसलो. वर त्या माझा बल्ब स्वतःचं पाप म्हणून मोजून देत होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं का, मला माहीत नाही. थोड्या वेळानं महासतीजी उतरल्या. माझ्यासमोर थांबल्या, म्हणाल्या, "दया पाळो," आणि गेल्या. एवढ्यावर मी कितीतरी वर्षं अर्थ लावतोय. वर गेलो तेव्हा बाईजी मुगाचं पाणी पीत होत्या, घोट घोट, आणि म्हणाल्या, "रेडिओ लाव. आज मॅच आहे."

आम्ही त्या खोलीत माझी पदवी होईपर्यंत राहिलो. अक्काचं लग्न ठरलं ते तिथंच, बाईजींच्या बैठकीत. पारसशेठनं लग्नात आम्हाला भांडी दिली. बाईजी गेल्या तेव्हा मी खांदा द्यायला होतो. पारसशेठ लोकांना सांगत होता, "बाई जन्मात खोटं बोलली नाही." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

आता भाचीचं. अक्काची मुलगी जालन्यात एका कंपनीत लागली आहे. आता फोटो मोबाईलवर येतात, एजंट स्कूटीवर येतो, पण प्रश्न तेच. एक फ्लॅट तिला आवडला, भाडं झेपणारं, उजेड भरपूर, खोलीखोलीला खिडकी. फॉर्म भरताना तिनं विचार न करता 'व्हेज' लिहिलं. मागच्या आठवड्यात मालकाचा मला फोन आला. सभ्य बोलणं. "तुम्ही मामा ना? मुलगी व्हेजच आहे ना? म्हणजे आमची आई असते घरात, म्हणून विचारतो."

मी गॅलरीत उभा होतो. आमच्या नाकाची ती पोर किती जिने उतरली होती ते मला माहीत होतं. अक्काला विचारावं असं वाटलं, पण अक्का काय म्हणाली असती तेही मला माहीत होतं, निदान दोन उत्तरं माहीत होती. मी म्हणालो, "हो. एकदम."

खोली मिळाली. भाचीनं पेढ्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी मी सूर्य मावळायच्या आधी पाणी प्यायलो आणि मग काही खाल्लं नाही. आमच्या हिनं ताट वाढून विचारलं, "जेवत का नाही?" मी म्हणालो, "ॲसिडिटी झाली."